बुढीची तहान

शाळेत गुरुजींनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "रेल्वेच्या ऑफिसात असतात." खोटं होतं ते. अब्बा बार्शी लाइटच्या इंजिनावर फायरमन होते. कोळशानं काळवंडलेल्या त्यांच्या हातांची मला लाज वाटायची.

आमच्या लातुरात बार्शी लाइट म्हणजे थट्टेचा विषय. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. चालत्या गाडीतून उतरावं, चिंचा पाडाव्यात आणि पुन्हा त्याच डब्यात येऊन बसावं, असं लोक म्हणायचे. अब्बा मात्र कधी हसले नाहीत. "हलकी है, कमजोर नहीं," म्हणायचे. ते खरंच होतं. १८९७ साली कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं ही लाइन सुरू केली, ती चाकांच्या एका जोडीवर पाच टनांहून जास्त भार पडू न देण्याच्या हिशेबानं. म्हणून तर हलक्या रुळांवरूनही ती भरपूर माल ओढायची. १९११ मध्ये ती लातूरला पोचली.

अब्बांसाठी त्यांचं इंजिन म्हणजे 'बुढी'. कोळसा एकदम लोटला की बुढी काळा धूर ओकून रुसायची. थोडाथोडा, पसरूनच द्यावा लागे. पावसात चढावर तिचे पाय घसरायचे, मग रुळांवर वाळू. उन्हाळ्यात इंजेक्टर तापला की बॉयलरमध्ये पाणी जायचं नाही. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावं तसं अब्बा त्याला ओलं फडकं गुंडाळायचे. "बुढीकू प्यास लगी," म्हणायचे. आषाढीला पंढरपुरात उतरलेली एखादी माउली इंजिनालाही हात जोडायची. घरी आल्यावर अब्बा ते दोनदा सांगायचे.

पुढं वाफ गेली, मग अरुंद रूळही गेले. नोकरीमुळं आम्ही नांदेडला आलो.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला पोचल्याचं टीव्हीवर दाखवत होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पंच्याऐंशीचे अब्बा बोटांवर स्टेशनं मोजू लागले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी... मग हळूच म्हणाले, "पहले हम बुढीकू पानी पिलाते थे. अब गाडी गांवकू पिला रही."

नातीनं मला विचारलं, "बडे अब्बांना सगळी स्टेशनं कशी पाठ?"

"ते त्याच लाइनवर फायरमन होते," मी मोठ्यानं म्हणालो. अब्बांना हल्ली कमी ऐकू येत होतं.