अळूचे खड्डे

आमच्या परसात, न्हाणीचे पाणी जाते तिथे, आईने लावलेले अळू अजून आहे. कुणी लक्ष दिले नाही तरी ते फोफावते. पाणी मिळाले की अळूला दुसरे काही लागत नाही, अशी माझी समजूत होती. तुवालूविषयी वाचले आणि ती गेली.

प्रशांत महासागरातला हा देश नऊ बेटांचा. सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर, माणसे दहा-अकरा हजार, आणि सर्वांत उंच जागाही समुद्रापासून पाच मीटरांच्या आतच. तिथे अळूच्याच कुळातला पुलाका नावाचा कंद पिकवतात. बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. त्या थरापर्यंत खड्डा खणायचा, पालापाचोळा घालायचा आणि त्यात पुलाका लावायचा, ही पूर्वापार शेती. आता समुद्र चढतो आहे, आणि भरतीचे पाणी प्रवाळाच्या भेगांतून पायाखालूनच वर येते. खड्डे खारट होतात, कंद कुजतो. बेट बुडण्याच्या कितीतरी आधी अळू मरते.

या बेटांवर आणखीही खड्डे होते. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढताना अमेरिकन सैन्याने राजधानी फुनाफुतीत धावपट्टी बांधली. तिच्या भरावासाठी जागोजागी जमीन उकरली. युद्ध संपले, सैन्य गेले. खड्डे सत्तर वर्षे राहिले. ते २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने बुजवले गेले.

आता मोठ्यांची नवी ओढाताण सुरू आहे. सॉलोमन बेटे आणि किरिबाती यांनी २०१९ मध्ये, तर नाऊरूने २०२४ मध्ये तैवानला सोडून चीनशी संबंध जोडले. तुवालू तैवानबरोबर राहिला आणि २०२३ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाशी करार केला. कराराचे नाव ‘फालेपिली’. आपल्याकडचा शब्द योजायचा तर शेजारधर्म. दर वर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायमचे राहता येईल. मात्र तुवालूला दुसऱ्या कोणत्याही देशाशी संरक्षणाचा करार करायचा असेल, तर ऑस्ट्रेलियाची संमती हवी. शेजारधर्माला अशी अट असावी का, हा प्रश्न मला पडला. पण पाणी उंबऱ्याशी आलेल्या माणसाने अटी किती पारखाव्यात? २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा निम्म्याहून अधिक देशाने नावे नोंदवली होती.

त्याच लोकांनी २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवले, की जमीन समुद्रात गेली तरी तुवालूचे राज्य कायम राहील. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आम्ही बेळगावकर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे घर, विहीर, परसातली माती तिथेच राहिली; राज्य तेवढे बदलले. पुढे उताऱ्यावरची लिपीही बदलली. आमच्या पिढीने आयुष्यभर त्याचीच खंत केली. तुवालूचे दुखणे नेमके उलटे. राज्य राहील, नावही राहील. ज्यात कंद लावायचा ती मातीच राहणार नाही.

आमची खंत खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण वडीच्या पानांसाठी परसात गेलो, की खारट झालेले ते खड्डे आठवतात, आणि विहिरीचे पाणी गोड आहे, एवढ्यानेच मन भरून येते.