दगडाची चिनी सोयरीक

चिनी भाषा शिकणाऱ्याच्या हाती लवकरच म्हणींची एक यादी पडते. बहुतेक म्हणी चार अक्षरांच्या, त्यांना 'छंग-यू' म्हणतात. प्रत्येकीसमोर एका ओळीचा अर्थ दिलेला असतो. मी वर्गात अशी यादी वाटत नाही. तो अर्थ चुकीचा नसतो, पण म्हण कोणी, कोणाला आणि कोणत्या रागात ऐकवली होती हे त्यातून गळून गेलेले असते. दगडाच्या म्हणींत तर हे फारच घडते.

'श्वेइ दी श्र छ्वान' ही त्यांतली सर्वांत लाडकी. पाणी ठिबकत राहिले की दगडालाही भोक पडते. चीनमध्ये मुलांना अभ्यासाची चिकाटी शिकवायला आज ती सर्रास वापरतात. आपणही लगेच 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणून मोकळे होतो. पण तिच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीत रक्त सांडले आहे. सोंग राजवटीत छोंगयांग या तालुक्याला चांग ग्वाय-याय नावाचा अधिकारी होता. खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या कारकुनाच्या केसांत, फेट्याखाली, त्याला एक नाणे दिसले. त्याने फटके मारायचा हुकूम दिला. कारकून उर्मटपणे म्हणाला, एका नाण्याचे काय एवढे? मला मारू शकाल, माझी मान थोडीच उडवू शकाल! चांगने तिथल्या तिथे निकाल लिहिला. रोज एक नाणे म्हणजे हजार दिवसांत हजार नाणी. दोरीच्या घासण्याने लाकूड कापले जाते, थेंबांनी दगडाला भोक पडते. मग तलवार उपसून स्वतःच कारकुनाचे मुंडके उडवले आणि आपण काय केले ते वरिष्ठांना कळवले.

म्हणजे हा शब्दप्रयोग देहदंडाच्या निकालपत्रातला आहे. याहून बऱ्याच आधी, हान राजवटीत, मेइ छंग या पंडिताने वूच्या राजाला बंडापासून परावृत्त करण्यासाठी पत्र लिहिले. त्यातही तायशान पर्वतावरून झिरपणारे पाणी दगड पोखरते असा दाखला आहे आणि तोही इशाराच आहे. राजाने ऐकले नाही. इसवी सनपूर्व 154 मध्ये बंड झाले आणि चिरडले गेले. या दोन्ही ठिकाणी थेंब म्हणजे साचत जाणारे पाप. त्याची चिकाटी पुढे झाली. माझे मत विचाराल तर मूळ अर्थ जास्त खोल होता.

पाण्याइतकाच दगडाचा दुसरा सोयरा म्हणजे जेड. मराठी माणसाला दगड दिसला की देव आठवतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. 'ली-ची' या प्राचीन चिनी ग्रंथात शिक्षणावर एक प्रकरण आहे. त्यातला दृष्टान्त जवळपास आपलाच वाटतो. मात्र तिथे घडवायचे असते जेड आणि त्यातून निघते ते पात्र, रोजच्या किंवा विधीच्या उपयोगाची वस्तू. घाव तेच, पण आपल्याकडे पूजनीय व्हायचे असते आणि तिकडे उपयोगी. कन्फ्यूशियसच्या परंपरेचा व्यवहारी स्वभाव यात दिसतो.

जेड छिन्नीने फुटत नाही, इतके ते चिवट असते. त्याहून कठीण वाळू, पाणी आणि अपार वेळ घेऊन ते घासावे लागते. हे ठाऊक असले की दुसऱ्या डोंगरावरच्या दगडाने आपले जेड घडवावे, ही म्हण नीट समजते. परक्यांचे ज्ञान घ्या, असा तिचा आजचा अर्थ. मला त्यातली खोच आवडते. परका दगड मौल्यवान आहे असे ती म्हणत नाही. तो खरखरीत आहे, एवढेच तिला पुरते.

आणि दगड कोणता, जेड कोणते, हे ठरवायचे कोणी? छू राज्यातल्या प्येन ह'ला डोंगरात कच्चे जेड सापडले. त्याने ते राजाला नेऊन दिले. जवाहिऱ्याने दगड ठरवला, राजाने लबाडीबद्दल एक पाय तोडला. पुढच्या राजाने दुसरा. तिसऱ्याने तो दगड फोडून पाहिला, आत जेड निघाले. ही गोष्ट 'हान फैत्स' ग्रंथात आहे. दरबारी पारख किती महागात पडते, हे एवढ्या थोडक्यात सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

काही शब्द तर म्हणी नसूनही गमतीचे. अकराव्या शतकात शन ख्वाने जमिनीतून निघणाऱ्या तेलाला 'श्र-यौ', म्हणजे दगडी तेल, म्हटले. पेट्रोलियमला चिनीत आजही तोच शब्द आहे. 'श्र' हे आडनावही आहे. शिच्याच्वांग या शहराच्या नावातला 'शि' म्हणजे तेच अक्षर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी त्याच शहरात आहे.

राजकारणात गाजलेली म्हण म्हणजे दगड चाचपत नदी ओलांडणे. ती देंग श्यावफिंग यांच्या नावावर खपते. प्रत्यक्षात छन युन यांनी ती 1950 साली वस्तूंच्या भावांबद्दल बोलताना वापरली आणि 1980 मध्ये सुधारणांबद्दल पुन्हा. ते सावध नियोजनकार होते. पाय रोवल्याशिवाय पुढचे पाऊल नको, हा त्यांचा रोख. बाहेरच्या जगाने तिला धाडसी प्रयोगाची घोषणा करून टाकले.

शेवटची म्हण आपल्या वृत्तपत्रांसाठी. दगड उचलायचा आणि आपल्याच पायावर आदळायचा, ही चिनी प्रवक्त्यांची आवडती धमकी. माओंनीही 1957 मध्ये मॉस्कोत ती वापरली होती. मराठी बातमीत ती इंग्रजीमार्गे लंगडत येते. संपादकहो, आपल्याकडे 'पायावर धोंडा पाडून घेणे' आहे, अर्थासकट आणि धोंड्यासकट. तेच छापा.