नाडीचा हिशेब



गेल्या दशलक्षण पर्वात मंदिरात उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एकाशनाचा अशक्तपणा असेल म्हणून गप्प राहिले. विश्रामबागला घरी आल्यावर जिन्यात दोनदा बसावं लागलं. सुनेने मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. ४२! तिने लगेच दवाखाना गाठला. तिथे औषध-पाणी घ्यावं लागलं, एकाशन मोडलं.

ईसीजी बघून डॉक्टरांनी समजावलं. बसल्या जागी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. झोपेत किंवा रोज भरपूर व्यायाम करणाऱ्यांचे कमी असतात; त्रास नसेल तर बहुधा काळजी नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, थायरॉईड कमी झाल्याने किंवा वयानेही ठोके मंदावतात. काहींना पेसमेकर लागतो. माझी गोळी बदलल्यावर ठोके ५८ वर आले.

मी बी.कॉम. झालेली, म्हणून वहीच घातली: तारीख, ठोके, त्रास. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘गोळी मनाने बंद करायची नाही. सारखी चक्कर, थकवा आला तर डॉक्टरांकडे जायचं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला तर लगेच १०८.’

एकाशन मोडल्याची रुखरुख बरेच दिवस होती. मग आठवलं, सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ आहे, म्हणजे शक्तीप्रमाणे तप. इतकी वर्षं ती भावना म्हणत आले, पण आपली शक्ती किती, ते कधी मोजलंच नव्हतं.