बंदीला चवीची जोड हवी

मधल्या सुट्टीत सरकारी शाळेच्या फाटकाबाहेर वेफर्सची पाकिटे लटकलेली असतात आणि आत खिचडीच्या रांगेतली मुले नाक मुरडत असतात. दोष फक्त मुलांच्या जिभेचा का?

२०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत अति तेलकट, खारट, गोड पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण त्याने दुकान जरा पुढे सरकते, मुलाची भूक नाही.

माध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. तामिळनाडूत तर ताटात उकडलेले अंडेही असते. डाळ दिसेनाशी झाली, भाजी नावापुरती राहिली, की मूल ताट सारून पाकिटाकडे वळते. आणि ज्याच्या खिशात पैसे नसतात, ते उपाशी राहते.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या आयांनी आठवड्यातून एकदा ते जेवण स्वतः चाखावे. घरच्या आमटीत काय कमी पडले हे जिला कळते, तिला शाळेच्या पातेल्यातलेही कळेल.