उभ्या जेट स्कीची उतरती कळा

होडीच्या वल्ह्यावर ज्याचे बालपण गेले अशा विजयदुर्गच्या माणसाला पाण्यावरचे प्रत्येक वाहन आपल्याच कुळातले वाटावे हे स्वाभाविक आहे. तथापि उदरनिर्वाहासाठी कुवेतला गेल्यावर तेथील एका दुरुस्तीच्या कारखान्यात उभ्याने चालवावयाची जेट स्की प्रथम माझ्या हाताखाली आली, तेव्हा तिने माझे चित्त जसे वेधले तसे अन्य कोणत्याही यंत्राने वेधले नाही. तिला आसन नाही. पाण्यातून मागच्या बाजूने छातीवर भार देऊन वर यावे, वरखाली हलणारी दांडी धरून गुडघ्यांवर तोल साधावा आणि पुरेसा वेग आला म्हणजे मगच उभे राहावे. पंप मागे फेकतो त्या झोताच्याच बळावर ती वळते. म्हणून भीतीने थ्रॉटल सोडणाऱ्या नवशिक्याचे ती ऐकत नाही. मालकांच्या परवानगीने सुटीच्या दिवशी मी ती शिकलो, आणि माझ्या शरीराच्या कलण्यासरशी ती वळू लागली तेव्हा झालेला आनंद आजही तितकाच ताजा आहे.

क्लेटन जेकबसन या अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेतून साकारलेले हे वाहन कावासाकीने 1973 मध्ये बाजारात आणले. 1986 च्या सुमारास यामाहाने दोघांनी बसून जाण्याची वेव्हरनर काढली आणि ज्याला शिकण्यास सवड नव्हती तो सारा ग्राहकवर्ग तिकडे वळला. 1990 मध्ये त्याच यामाहाने उभी सुपरजेट आणली खरी, परंतु तोवर नफ्याचे पारडे आसनाकडे झुकले होते. पुढे पाण्यात तेल सोडणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांवर अमेरिकेत निर्बंध आले, जे न्याय्यच होते. मात्र त्या निर्बंधांत बसेल असे हलके व स्वस्त इंजिन उभ्या गाडीसाठी घडविण्याची तजवीज वेळेवर झाली नाही. कावासाकीची उभी गाडी काही वर्षे बाजारातून नाहीशी झाली आणि 2017 मध्ये परतली ती सुमारे 1,500 सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन व 250 किलो वजन घेऊन. शर्यतीत ती उत्तम ठरेल. पण पंधरा वर्षांच्या मुलाने तीवर तोल कसा शिकावा? यामाहाची फोर-स्ट्रोक सुपरजेट येण्यास 2021 साल उजाडले.

आमच्या कारखान्यात येणारे शौकीन दोन-तीन दशकांपूर्वीचा सांगाडा आणीत, त्यात नवे सुटे भाग बसवून घेत आणि त्यासाठी खर्चाची तमा बाळगीत नसत. मागणी नष्ट झाली नव्हती. नव्या मालात तिच्या जोगे काही न उरल्यामुळे ती जुन्या मालाला चिकटून राहिली होती.

गावी परतल्यावर वाघोटनच्या खाडीत, जेथे पाणी बरेचसे शांत असते, मुलांना ही विद्या शिकविण्याचा माझा मनोदय होता. मालवण, तारकर्ली, देवबाग येथील व्यावसायिकांशी मी सविस्तर बोललो. परवाना, विमा, जीवरक्षक जॅकेटे आणि पावसाळ्यातील बंदी यांचा जमाखर्च मांडून त्यांनी आपुलकीने समजावले, “भाऊ, पर्यटक काही मिनिटांसाठी येतो, चालकाच्या मागे बसतो, फोटो काढतो नि जातो. त्याला शिकवायचं कधी?” त्यांच्या दृष्टीने ते सर्वस्वी योग्य होते, कारण भाड्याचा धंदा बसणाऱ्यावर चालतो. परंतु मोठमोठ्या कारखानदारांनीही तोच हिशेब आपला मानावा, याचे मला मनस्वी दुःख होते.

याच खाडीकाठी मराठा आरमाराचे सरखेल असलेल्या आंग्र्यांची गोदी आहे. तिच्या आश्रयाने गुराबा आणि गलबते ही जहाजे चालविणारे खलाशीही तयार होत असत, आणि जहाज कितीही उत्तम बांधले तरी ते हाकणारा नसेल तर आरमार उभे राहत नाही, हे त्या काळी कोणास सांगावे लागत नसे. जे वाहन शिकावे लागते त्याची बाजारपेठ दुकानात उत्पन्न होत नाही, ती शिकणाऱ्यांच्या पिढ्यांतून वाढते. हलकी, परवडणारी, पहिल्या पायरीची गाडी बंद होऊ देऊन कारखानदारांनी ही परंपरा स्वहस्ते खंडित केली. ग्राहक आळशी झाला म्हणून उभी गाडी मागे पडली, हे निदान मला मान्य नाही. कारखानदारांनी तशी एक हलकी गाडी पुन्हा घडवावी आणि तिच्याबरोबर शिक्षकही पाठवावेत. शिकू इच्छिणारी मुले आमच्या किनाऱ्यावर आजही आहेत.