काजव्याचा उजेड आणि अडकलेला लॉट

गणपती गेले की आमच्या कारखान्यात डिस्पॅचवाल्यांचे फोन सुरू होतात. “मॅडम, लॉट कधी सोडताय?” दिवाळीच्या गिफ्ट पॅकमधलं लोशन, शाम्पू, बॉडी वॉश ‘क्वारंटाइन’ची चिठ्ठी लावून गोडाऊनमध्ये पडलेलं असतं आणि त्याच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या आमच्या प्लेटा इन्क्युबेटरमध्ये. जिवाणूंसाठी तीन दिवस, बुरशी आणि यीस्टसाठी पाच. त्याआधी अगारवर बघून उपयोग नसतो. नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसायचा तर एका पेशीच्या दहा लाखांच्या आसपास तरी व्हाव्या लागतात.

हे दिवस वाचवायला काजवा मदतीला आला. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन असतं. काजव्याच्या पोटातलं ल्युसिफरेज हे एंझाइम ल्युसिफरीनशी अभिक्रिया घडवताना तेच एटीपी खर्चून प्रकाश देतं. प्रकाश जितका जास्त, तितकं एटीपी जास्त. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकएलरॉय यांनी 1947 मध्ये हा संबंध दाखवून दिला. त्यांना काजवे पुरवले बाल्टिमोरच्या पोरांनी, शंभराला पंचवीस सेंट या भावानं. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी करणाऱ्यांना हा भाव ऐकवत नाही. आता काजवे पकडायची गरजही उरलेली नाही. 1985 मध्ये ल्युसिफरेजच्या जनुकाचं क्लोनिंग झालं आणि हे एंझाइम प्रयोगशाळेत जिवाणूंकडून करून घेता येऊ लागलं. म्हणजे जिवाणू पकडायला जिवाणूच कामाला लावलेत.

प्रत्यक्षात काम असं चालतं. लोशनचा नमुना लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट 80 घातलेल्या ब्रॉथमध्ये मिसळायचा, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचा जोर मोडतो. मग तो बाटलीतच उबेला ठेवायचा, निदान चोवीस तास. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंबभर ल्युमिनोमीटरमध्ये घातला की पेशी फोडणारं द्रावण आणि ल्युसिफरेज आपोआप पडतं आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. उजेड डोळ्यांना दिसत नाही. बंद खोबणीत यंत्रच तो मोजतं.

वरिष्ठांच्या कानात नेमका ‘सेकंद’ एवढाच शब्द राहतो. मग सूचना येते: ते चोवीस तास कशाला, थेट मोजा की! इथे मी अडून बसते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या प्रसाधनात एका ग्रॅममागे हजारापर्यंत जंतू चालतात, तीन वर्षांखालच्या मुलांच्या किंवा डोळ्यांभोवती लावायच्या उत्पादनात शंभरापर्यंत. पण स्यूडोमोनास एरुजिनोसासारखा जंतू ग्रॅममध्ये एकही चालत नाही. एका पेशीतलं एटीपी इतकं नगण्य असतं की यंत्राला ते दिसणारच नाही. शिवाय प्रिझर्व्हेटिव्हचा मार खाल्लेली पेशी मेलेली असतेच असं नाही. ती अर्धमेली पडून राहते, सावरायला वेळ घेते आणि मग वाढते. बर्कहोल्डेरिया सेपेशिया तर कित्येक प्रिझर्व्हेटिव्हना दाद देत नाही. तिला सावरायची उसंत न देता आलेला ‘निर्दोष’ निकाल माझ्या लेखी निकालच नाही. यंत्रानं आमचा वेळ वाचवला; जंतूला लागणारा वेळ त्याला कमी करता येत नाही.

यंत्रालाही चकवे बसतात. कोरफडीच्या जेलमध्ये वनस्पतीचं स्वतःचं एटीपी असू शकतं. ते आधी एपायरेज घालून संपवावं लागतं, नाहीतर चांगला लॉट विनाकारण अडकतो. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड उलट प्रकाशच अडवतं. त्यामुळे प्रत्येक उत्पादनात मोजके जंतू मुद्दाम सोडून ते सापडतात का, हे आधी पाहावं लागतं. पीसीआरचं नाव हल्ली सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. आणि एटीपीचा आकडा वर गेला, तर आत कोणीतरी जिवंत आहे एवढंच कळतं. कोण, ते ओळखायला पुन्हा प्लेटच.

माझ्या मते या काजव्याची खरी किंमत टाकीपाशी आहे. धुतलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हवरून स्वॅब फिरवायचा आणि तिथेच आकडा वाचायचा. इथे चोवीस तासांची गरज नाही, कारण जंतू असो वा मागच्या बॅचचा कोरफडीचा गर, काहीही उरलेलं असलं तरी टाकी पुन्हाच धुवायची असते. आमच्या धंद्यातला बराचसा त्रास पाण्यातून येतो. पाइपाच्या ज्या फाट्यात पाणी साचून राहतं, तिथे जंतूंचा बुळबुळीत थर बसतो आणि एकेक करून बॅच नासवतो. तो थर वेळीच सापडला, तर ऐन दिवाळीत लॉट अडकायची वेळ सहसा येत नाही.

साबणाच्या वडीबद्दल मला कोणी विचारत नाही, ते बरोबरच आहे. तिच्यात जंतूंना लागणारं पाणी फार कमी आणि क्षार भरपूर. कोरडं उटणंही निदान डब्यात तरी वाढीला जागा देत नाही. मात्र कालवून उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. खरी खोड शाम्पूच्या बाबतीत आहे. बाटली संपत आली की आपल्याकडे हमखास तिच्यात नळाचं पाणी घालून हलवतात आणि पुढे आठवडाभर पुरवतात. प्रिझर्व्हेटिव्हचं प्रमाण आम्ही मूळ शाम्पूसाठी काढलेलं असतं, त्या पाण्यासाठी नाही. पाणी घालायचंच असेल तर तळाशी उरलेलं त्याच आंघोळीला संपवा.