हुशार आहे, पण वाचत नाही





"मॅडम, मुलगा हुशार आहे हो, पण वाचायला बसला की रडतो." पालकसभेत दर वर्षी हे वाक्य कानी पडते. शिकवणी लावून झालेली असते, टी.व्ही. बंद करून झालेला असतो, कधी एखादी चापटही देऊन झालेली असते. शेवटी घरातले कोणीतरी म्हणते, "घरी मराठी, शाळेत हिंदी, वर इंग्रजी. गोंधळ होणारच. मोठा झाला की सुटेल."

या शेवटच्या वाक्याविषयी मला आज लिहायचे आहे.

माझे शिक्षण बी.ए.पर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरी आई-आजी मराठी बोलत, पण लिहायला घेतले की माझ्या 'शाळे'ची 'शाला' होई. इंदूरच्या मराठी घरांत यात नवल नाही. ही भाषेची अडचण असते आणि वाचनाने, सरावाने ती सुटते. माझीही बरीच सुटली.

पण काही मुले घरी आजोबांना मराठीत रंगवून गोष्ट सांगतात, मैदानावर हिंदीत वाद घालतात आणि पुस्तक उघडले की दोन्ही भाषांत सारखीच अडखळतात. मात्रा गळतात, जोडाक्षर फुटत नाही, काल वाचलेला शब्द आज नवा वाटतो. अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तेथे दोष नसेल तर डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमता असू शकते. हा आळस नव्हे आणि बुद्धी कमी असल्याची खूणही नव्हे. नुसता सराव वाढवून ही अडचण सुटत नाही, शिकवण्याची रीत बदलावी लागते. 'मोठा झाला की सुटेल' म्हणत आपण दोन-तीन वर्षे घालवतो. तोवर मूल 'मी ढ आहे' हे पक्के शिकून बसते.

आता साधने आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाच्या चाचण्या हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केल्या आहेत. त्यांतील प्राथमिक चाळणी वर्गशिक्षक करू शकतात, निदान मात्र तज्ज्ञांनीच करायचे. कायदाही आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांत येते. ती लवकर ओळखावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असल्यास, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास! मात्र दहावीचे फॉर्म भरताना धावपळ करून हे होत नाही. तयारी प्राथमिक वर्गांतच सुरू व्हावी लागते.

उणीव आहे ती जवळच्या मदतीची. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना आठवड्यातून दोनदा शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाला नेणे जमत नाही. महिन्याभरात जाणे थांबते. म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक विशेष शिक्षक आपण नेमावा. एका शाळेला खर्च जड वाटत असेल तर परिसरातील दोन-तीन शाळांनी मिळून नेमावा, वार वाटून घ्यावेत. जागेची अडचण नाही, ग्रंथालयालगतची खोली दुपारनंतर रिकामीच असते. सभागृहाची रंगरंगोटी एक वर्ष थांबू शकते. तिसरीतले मूल थांबू शकत नाही.

पालकांनी शंका आली तर संकोच न करता वर्गशिक्षिकांशी बोलावे. ती चर्चा बाहेर जाणार नाही, याची जबाबदारी माझी.

आणि मुलांनो, वर्गात कोणी वाचताना अडखळला तर हसू नका. त्याला ओळ पुरी करू द्या. एवढी मदत तुम्ही उद्यापासूनच करू शकता.

आपली नम्र,
प्राचार्या